छतावरचं ऊन

देवासच्या वीज कार्यालयात मी सोलरचा फॉर्म हातात घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"अहो, सोलर लावल्यापासून होळीपर्यंत बिल निम्मं यायचं ना?"

"तेच तर विचारायला आलोय. होळीनंतर ऊन वाढलं आणि बिलही वाढलं. हे कसं काय?"

"कूलरमुळे असेल."

"अगं, कूलर अजून माळ्यावरच आहे."

"मग त्यांचं मशीनच खराब."

"मिस्त्री येऊन पाहून गेला. म्हणाला, काकाजी, सब बढ़िया है."

"तो कधी आला होता?"

"परवा संध्याकाळी. तू मंदिरात गेली होतीस."

"हां, म्हणजे तोवर माझं सगळं आवरून झालं होतं."

"काय आवरून झालं होतं?"

"आलूचे पापड. तुमचे गुडघे जिना चढू देत नाहीत, तुम्हाला काय दिसणार? सगळी छत त्या पॅनलांनी अडवली. मग मी त्यांच्यावरच साड्या अंथरते, टोकं बांधून."

"पॅनलांवर?"

"सगळं ऊन तिथंच तर पडतं."

"रोज?"

"होळीपासून रोजच. आपल्या शिवानीच्या सासरी पाठवायचे, शेजारच्या देवश्रीला द्यायचे."

काकांनी हातातलं बिल पुन्हा उलगडून पाहिलं.

"अहो, पुढे सरका. आपला नंबर आला."

"काय सांगू त्यांना? सोलर लावून फायदा झाला की तोटा, मला तर काहीच समजेना."

"फायदाच झाला की. दोन दिवसांचे पापड एका दिवसात वाळतात."