माहेरची ओंजळ

मंडळी, ऐका! साधा प्रश्न विचारतो. घरातून बाहेर टाकलं, की ते आपलं राहतं का हो? नाही म्हणता? मोरीत ओतलं, की झालो मोकळे! — हसू नका काकी, तुमच्याच घरचं सांगतोय!

डोंगरात एक वाडी होती, घळवाडी. घरांमागून ओढा वाहायचा आणि खाली दाभेखोल गावाला जायचा. वाडीच्या लेकी तिथंच दिलेल्या. रीत कशी गोड बघा! सकाळी ओढ्यावर गेलेली लेक कळशी बुडवायच्या आधी एक ओंजळ प्यायची. माहेरची ओंजळ!

ठकूबाईची एकुलती एक वेणू तिथं नांदत होती. ठकूबाई रोज परसातलं अबोलीचं फूल ओढ्यात सोडायची. "जा बाबा, माज्या वेणूला सांग, आई बरी हाय!" फूल पोचायचं का? देव जाणे! आता म्हणाल, फोन नव्हता का? होता की! पण फोनमधून लेकीच्या गालावरून हात फिरवता येतो का हो?

मग वाडीत नळ आले, घरोघरी मोऱ्या झाल्या. आनंदीआनंद! आणि सांडपाणी? — ओढ्यात! "वाहत्या पान्याला कसला इटाळ?" हे सगळ्यांत आधी कोण म्हणालं? आपली ठकूबाईच!

एक दिवस दूधवाला निरोप घेऊन आला. "मावशी, वेणूताईला कावीळ झाली व्हती. तुमी घाबराल म्हनून फोनवर बोलली न्हाई. आता उतरलीय. पर म्हनली, आईला सांग, ओंजळ बंद केली."

ओंजळ बंद? हे वेणूच्या सासूचंच काम, म्हणत ठकूबाई तरातरा डोंगर उतरली. पाणवठ्यावर वेणू उभी होती, वाळलेली, पिवळी. "थांब, मीच पिऊन दावते!" ठकूबाईनं ओंजळ भरली, तोंडाशी नेली — आणि थांबली. वास आला! खरकट्याचा, साबणाचा, आपल्याच मोरीचा!

"घान वास यायचा गं आई," वेणू म्हणाली, "पर तुजं पानी सोडवत नव्हतं."

 ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

पुढं वाडीनं ठरवलं. सांडपाणी आधी टाकीत थांबवायचं, गाळ बसू द्यायचा, मग खडीवाळूच्या वाफ्यात कर्दळीच्या मुळांतून झिरपवायचं. पण सगळ्या घरांच्या खालच्या अंगाला सपाट जागा एकच — ठकूबाईचं परस! मागायला कुणी धजेना. तिनंच कुदळ उचलली. अबोली उपटताना रडली हो, मोठ्यानं रडली! लेकीला धाडायला आता फूलही उरलं नाही. तरी रोज सकाळी ओढ्यावर जायची आणि रिकाम्या हातानं खाली बघत बसायची.

कर्दळ फुलली, लालभडक! वाफ्यातून निवळ पाणी ओढ्याला मिळू लागलं. ठकूबाईनं भीतभीत एक फूल सोडलं.

सणाला वेणू आली, कमरेवर दाभेखोलच्या ओढ्याची कळशी घेऊन, डोंगर चढून! आजारानं शहाणी झालेली पोर — पाणी आधी चुलीवर उकळलं, निववलं. मग म्हणाली, "आई, आदी तू पी."

ठकूबाईनं ओंजळ धरली. प्याली.

"कसं लागतंय गं?"

"तुज्या घरचं लागतंय!" म्हणाली, आणि लेकीला उराशी धरून ओक्साबोक्शी रडली.

तर मंडळी, टाकलेलं आपलं राहतं का? टाळ्या मागाहून वाजवा! उद्या सकाळी आपल्या मोरीच्या पाण्यामागं चालत जा, पार खालपर्यंत. तिथं कुणाची तरी वेणू ओंजळ धरून बसलीय. तिला काय पाजताय, ते बघून या — आणि मग म्हणा विठ्ठल!