उजेड आधी आपल्या तोंडावर

मी उमरेडची. आमच्या घरी माग होता, बाबा लुगडी विनत, आई कांड्या भरे, अन् मी दोघाइच्या मधात पुस्तक घेऊन बसो, अभ्यास करो म्हना का टाइमपास करो म्हना. बाबाले एक खोड होती, रंगवलेलं सूत आलं का ते आंगनात नेऊन उन्हात धरत, घरातल्या बल्बात रंग खोटा दिसते म्हनत. मी म्हनो काहून जी बाबा, लाल तं लालच दिसते. ते म्हनत, बाहेर जाशीन तवा समजन तुले. गेली मी बाहेर. पोलीस भरतीत पळाली, पास झाली, आईनं पेढे वाटले अन् वाटता वाटता रडली, आता हिच्याशी लगन कोन करन म्हने. झालं लगन, दोन लेकरं झाले, हवालदारही झाली, सगळं झालं.

हं, तुम्ही टॉर्चचं विचारून राहिल्या होत्या. सांगते नं. नागपुरातल्या पहिल्या ठान्यात मले भेटला तो तीन सेलचा, स्टीलचा, भल्ला जड, अन् बटन गंजलेलं. तळहातावर दोन-तीन थापा मारल्याबिगर तो जागाच होत नसे, अन् जागा झाला तरी उजेड कसा, तं हळदीच्या पान्यासारखा पिवळा. काम झालं का एक सेल उलटा घालून ठेवाचा, नाहीतं कपाटात बटन दबलं का सकाळी सेल मेलेले. एक डाव मी तो सेल सुलटा कराचाच विसरली अन् बंदोबस्तात नुसत्या थापा मारत उभी, साहेब म्हने, मॅडम, टॉर्चनं काय गुन्हा केला? पन एक होतं, सेल संपले तं कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर भेटत.

त्या पिवळ्या उजेडानं मले कोर्टातही हसं केलं. चोरीची मोपेड रातच्याले झुडपात सापडली, मी पंचनाम्यात लिहिलं पिवळी, अन् कोर्टात आली तं पांढरी. वकील म्हने, काय हो मॅडम, पोलीस पाहून गाडी पांढरी पडली का? सारे हसले, जजसाहेबही हसले. मले तवा बाबाचं सूत आठवलं.

म्हनून चार्जिंगवाले एलईडी टॉर्च आले तं ठान्यात सगळ्यात जास्त खुश मीच. हलका, खिशात मावे, अन् उजेड म्हंजे दिवसावानी. रंग खरा दिसे, गल्लीच्या त्या टोकाचं मानूस दिसे. खोडी मंग हळूहळू समजल्या. गाडीच्या नंबरवर समोरून मारला तं अख्खी प्लेट पांढरी होते, आकडाच दिसत नाही, बाजूनं धरा लागते. थंडीतल्या धुक्यात उजेड आपल्यावरच परत येते. अन् चार्जिंग संपलं का पानठेलेवाला काय करन? पन सगळ्यात मोठी खोडी टॉर्चची नव्हतीच, आमची होती, ती सांगते.

आमच्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात, उजेड आधी समोरच्याच्या तोंडावर मारा. एक जुने हवालदार होते, काका म्हनो मी त्याइले, ते म्हनत, पोरी, मानसाचं तोंड खोटं बोलन, डोळे नाही बोलत. हाडात बसली ती सवय. पिवळ्या उजेडात मानूस डोळे बारीक करे, बस. एलईडीत त्याले काहीच दिसत नाही, आंधळाच होते तो घडीभर. हे आमच्या ध्यानातच आलं नाही. काहून येईन? आपन तं उजेडाच्या मागं उभे असतो.

संत्र्याचा सीजन होता. कळमेश्वरकडचा एक शेतकरी कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आला, सोबत म्हातारा बाप, कारन त्या बाबाले काही ध्यानात राहे नाही, घरी कोनाच्या भरोशावर ठेवन. पोरगं मालाच्या बोलीत उभं, अन् बाप हरवला. सकाळपासून दुपार झाली. पोरगं ठान्यात आलं, नुसतं म्हने, मी हात सोडला जी मॅडम, मीच हात सोडला. आम्ही सारे निघालो. एका चौकीदारानं सांगितलं, धोतरवाला बुढा त्या अर्धवट बिल्डिंगकडे गेला. माह्या सोबतचा शिपाई वरच्या मजल्यावर गेला, मी खाली तळघरात.

बाहेर चार वाजताचं लख्ख ऊन अन् आत काळोख. मी टॉर्च लावला, तं ते म्हातारे बाबा उभे. पाठीमागं लिफ्टसाठी खंदलेला खड्डा, त्यात पानी भरलेलं, किती खोल देव जाने. अन् मी काय केलं? सवयीनं फुल उजेड त्याइच्या तोंडावर मारला. त्याइनं दोन्ही हात डोळ्यावर घेतले अन् एक पाऊल मागं टाकलं. अजून एक टाकलं तं खड्ड्यात. माहा तं जीवच गेला. उजेड कमी करावा म्हनून बटन दाबलं, तं तो टॉर्च लागला लुकलुक कराले, लुकलुक लुकलुक, एकाच बटनात सारे खेळ दिलेले. बाबा अजूनच घाबरले, म्हने कोन आहे, कोन आहे. मी म्हनलं पोलीस. पोलीस म्हनल्यावर कोन थांबते?

मंग बटन पाहाले मी टॉर्च आपल्याकडे फिरवला, अन् तो उजेड माह्याच तोंडावर आला. बाई गं! तवा समजलं मले, आजपर्यंत मी लोकाइले काय करत होती. मले काहीच दिसे नाही. मी म्हनलं, बाबा, मी आहे, पाहा, बाईमानूस आहे, उमरेडची आहे, पुढं या जी. काहीतरी बोलत राहिली. नुसता पायाचा आवाज येऊन राहिला होता, अन् तो आवाज खड्ड्याकडे चालला का माह्याकडे, तेच समजे नाही. मी हललीही नाही. देवाचं नाव घेतलं अन् उजेड तोंडावर तसाच धरून ठेवला.

मंग एक हात आला. खरबडीत, थंडगार हात. त्यानं माहा टॉर्च खाली केला, अन् बाबा म्हने, तोंडावर काहून पाडतं वं माय, डोळे जातीन तुहे.

मी ते मनगट असं धरलं, असं धरलं का वर येईपर्यंत सोडलं नाही. रडली मी, लपवून काय करू. पोरगं बापाच्या गळ्यात पडलं तं बाप म्हने, संत्र्याची गाडी खाली झाली का? त्याले काय झालं ते माहीतच नाही!

दुसऱ्या दिवशी मी साहेबाइले सगळं सांगितलं, माही चुकीही सांगितली. नवे टॉर्च कसे आहे म्हनून कागद भराचा होता, त्यात मी लिहिलं, उजेड उत्तम, बटन खराब, अन् टॉर्च मारनाराले शिकवा लागते. पुढच्या खेपेचे टॉर्च आले त्यात मंद उजेडाचं बटन वेगळं होतं. माह्या लिहिन्यानं आलं का आपसूक, मले काय माहीत! आता ठान्यात नवीन कोनी आलं का मी पहिले हेच शिकवते. चोराची गोष्ट वेगळी, पन हरवलेलं, भ्यालेलं मानूस शोधाले गेले तं उजेड आधी आपल्या तोंडावर, मंग जमिनीवर, मंग त्याच्या पायापाशी. पोरी हसतात, मॅडम मेकअप करून राहिल्या का म्हनतात. हसा म्हनते. परवा त्याइच्यातलीच एक धावत आली, म्हने मॅडम, घरच्या मारानं एक बाई गोदामात लपली होती, तुम्ही सांगितलं तसं केलं, अन् ती आपनहून बाहेर आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हनलं सुखी राह्य माय.

ते बाबा अजून आहेत. त्या बाजूले काम निघालं का मी जाऊन येते. त्याइले मी ओळखू येत नाही, दर वेळेस नवीनच. मागच्या महिन्यात गेली, तं ओट्यावर बसून होते. म्हने कोन वं तू? मी म्हनलं, पोलीस आहो बाबा. त्याइनं माह्याकडे पाहिलं, बाजूची जागा हातानं झाडली, अन् म्हने, भेऊ नको, बस.