टक् वाजलं म्हणजे रिले बरा

रविवार, एकोणीस नोव्हेंबर, आभाळ भरलेलं, पाऊस नाही... अहो, तारखेसकट सांगतोय कारण गाडीच्या दुरुस्तीची वही समोर आहे, आणि वहीत आठपासून पावणेअकरापर्यंत एकच शब्द चौदा वेळा लिहिलाय. टक्.

तुम्हाला सांगतो, दाजी जाऊन वर्ष झालं, ताई मुलीकडे राहायला निघालेली, दाजींची गाडी विकलेली, ती न्यायला अकराला माणूस यायचा, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. स्टार्टर फिरतोय, पण पेट्रोलचा पंप गप्प. आता पंपाला वीज कोण देतं? रिले. काडेपेटीहून लहान काळी डबी, किल्ली फिरवली की आतली पट्टी ओढली जाते, टक् वाजतं, वीज पुढे जाते. मग काय, माझा कान बॉनेटखाली, ताई किल्लीवर.

"वाजलं का रे टक्?"

"वाजलं."

"मग रिले बरा. हे म्हणायचेच."

म्हणायचेच की! वीस वर्षं, दर दोन-चार महिन्यांनी एक रविवार, दाजींचा कान, माझी किल्ली, आणि "टक् वाजलं म्हणजे रिले बरा, मेहुणे, तुम्ही जरा तारा बघा." की मी गाडीखाली, आणि दाजी वर स्टुलावर बसून जगातल्या यच्चयावत विषयांवर बोलतायत... या घरात दाजींच्या शब्दापुढे कुणी गेलंय? मी कसा जाणार? फ्यूज पाहिले, तारा पाहिल्या, पंपापर्यंत सरपटत गेलो. मीटर म्हणतो, वीज रिलेत शिरते, बाहेर पडत नाही. पण टक् तर वाजतंय ना... मग रिले बरा. पुन्हा तारा.

दहा चाळीसला ताई खाली उतरली. शांतपणे पंपाचा रिले उपसला, शेजारचा हॉर्नचा, अगदी तसाच, तिथे बसवला, आणि पंपाचा हॉर्नच्या जागी. किल्ली फिरवली. पंप गुरगुरला, गाडी सुरू.

"अगं, पण टक् वाजत होतं."

"टक् वाजलं तरी आतून जळलेला असतो कधीकधी. तू चहाला आत गेलास की हे असंच करायचे. दोन मिनिटांचं काम. सोमवारी नवा आणायचे."

"मग मला सकाळभर गाडीखाली कशाला झोपवायचे?"

"गाडी सुरू झाली की तू घरी पळायचास. ह्यांना बोलायला दुसरं होतं कोण?"

मी आपलं एवढंच विचारलं, "आणि तू आज तीन तास गप्प का?"

ती हात पुसत म्हणाली, "मला तरी कुठे घाई होती? तो माणूस येईल म्हणून उतरले."

अकरा दहाला माणूस आला. हॉर्न बंद आहे, रिले बदलावा लागेल, हे त्याला सांगितलं. अकरा चाळीसला तो गाडी घेऊन निघाला, तेव्हा ताई फाटकाबाहेर उभी राहून सायकलवाल्यांना बाजूला करत होती.