वाढत्या अंगाचा

नाही नाही, चावत नाही हो, खुशाल ठेवा ती मांजराची टोपली खाली — हा नुसता दिसायला पहिलवान, नावही तेच ठेवलंय, पण कुणी शिंकलं तरी पलंगाखाली जातो. मालकावर गेलाय, दुसरं काय! ऑपरेशनला आणलाय — तेच हो, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते. वय अडीच वर्षं. उशीर झाला, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय — झालाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मोठ्या जातीचं कुत्रं आहे, हाडं वाढू द्या, घाई केली तर पुढे सांधे धरतात, दीडेक वर्षानं वाढ पुरी झाली की आणा. आता मी पडलो शिंपी! मापं घेण्यात हयात गेली. दर महिन्याला टेप लावून याची उंची गिऱ्हाइकांच्या वहीत लिहायची — एका पानावर कुणाचा कोट, दुसऱ्यावर हा. आणि दर महिन्याला अर्धा इंच जास्त! शाळेच्या गणवेशाला आम्ही आत दुमड ठेवतो ना, वाढत्या अंगाचा म्हणून — तशी याला ठेवत गेलो. बायको विचारायची, कधी नेताय? मी म्हणायचो, अगं, वाढत्या अंगाचा आहे! परवा तिनंच टेप लावला. म्हणाली, वर्षभर हा एवढाच आहे, तुम्ही टेप सैल धरता. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं मापाला नाव ठेवलं नाही, आणि घरात चोरी पकडली! वर म्हणते, कुत्रा वाढला, तुम्ही कधी वाढणार?

हसा, हसा. पण गेल्या आठवड्यात कुठल्याशा कुत्रीच्या वासावर हा भिंत ओलांडून पळाला, ट्रकखाली जाता जाता राहिला. म्हणजे आता टाळायची सोय नाही. भीती कसली? छे, भीती नाही — तसं म्हटलं तर आहे. आमचा थोरला भाऊ असाच साध्या ऑपरेशनला गेला होता, मला म्हणाला, चहा सांगून ठेव, आलोच. गुंगीतून उठलाच नाही. हे बायकोलाही कधी बोललो नाही, तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे —

हो, पहिलवान आमचाच! इकडे, इकडे. दोरी? घ्या ना. नाही, मी आत येत नाही, इथेच बसतो.

गेला. शेपटी हलवत गेला, वळूनसुद्धा पाहिलं नाही बेट्यानं.

काय म्हणालात? काही नाही? बरं. मग आता जरा वेळ बोलू नका माझ्याशी.