चावलेली पुस्तकं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दिनकररावजी, त्यांच्या शेजारी बसलेले बौद्धवाड्यातले आपले रंगनाथ गुरुजी, स्टेशनमास्तर सितारामजी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या त्यांच्या पत्नी कमलबाई, आणि समोर सतरंजीच्या डाव्या अंगाला व उजव्या अंगाला बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वार्ताहर. पाच ओळींत बातमी संपवायची मला सवय आहे, आणि संस्कृत पाठशाळेत गेलेलं बालपण मला पाच ओळींत गप्प बसू देत नाही. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबेन.

सितारामजींची बदली झाली. उद्या सकाळच्या पॅसेंजरने मास्तर आणि बाई जाणार. नवे मास्तर रेल्वे पाठवील. बाईंच्या जागी कोणाला पाठवील? ती जागा रेल्वेच्या दप्तरी कधी नव्हतीच.

गावात नव्याने सून म्हणून आलेल्यांसाठी सांगतो. बाई इथे आल्या त्याला दहा वर्षं झाली. स्टेशनच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका लेकरं घेऊन गाडीची वाट बघत बसायच्या; कुणी पूर्णेच्या दवाखान्याला निघालेली, कुणी चुडाव्याला माहेरी. बाईंनी एक दिवस घरातून चित्रांचं पुस्तक आणलं आणि सहा महिन्यांच्या एका पोरीपुढे धरून वाचायला लागल्या. पोरगी बौद्धवाड्यातल्या चांगुणाबाईंची नात. चांगुणाबाई हसल्या. म्हणाल्या, बाई, हिला अजून नीट बसता येईना, हिला काय कळायलंय? बाई मूळच्या राणीसावरगावच्या, जिभेला गंगाखेडचं पाणी. त्या म्हणाल्या, "तुमी अंगाई म्हनता तवा तरी हिला काय कळतंय?"

तिथून रोज सुरू झालं, एका पुस्तकाची पुष्कळ झाली. ज्या आयांना अक्षर येत नव्हतं त्यांना बाई सांगायच्या, अक्षर राहू द्या, चित्र वाचा. एकाच कावळ्याच्या किती निराळ्या गोष्टी मी त्या शेडमध्ये ऐकल्या. एकीच्या गोष्टीत तो तलाठी होता, आणि मला ते वर्णन यथातथ्य वाटलं. लेकराला तेच पान, तेच चित्र, तोच आवाज हवा असायचा. पान उलटलं की रडायचं. गावाने मात्र बाईंना तेव्हा एकच प्रश्न विचारला, की तुम्ही कोणाच्या? बाई म्हणायच्या, "रेल्वेच्या." गावाचं समाधान झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

आमच्या पाठशाळेत हात धुतल्याशिवाय पोथीला शिवता येत नसे. चुकून पाय लागला तर ती कपाळाला लावायची. आदर पुष्कळ शिकवला. लळा लावायचं राहून गेलं. बाईंकडे सगळा विपरीत कारभार. लेकरं पुस्तकावर बसायची, लाळ गाळायची, कोपरे चावायची. मी एकदा म्हटलं, बाई, हा सरस्वतीचा अवमान होतो आहे. बाईंनी वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, "लेकरू समदं पयलं तोंडातच घालून बघतंय. आईला बी ते तसंच वळखतंय." यावर शास्त्रात उत्तर असेल, मला आठवलं नाही.

आता पुढचं अध्यक्षांच्या घरचं आहे. त्यांच्या परवानगीने सांगतो. परवानगी आत्ता, या क्षणी, मागतो आहे. त्यांनी मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली ते मी पाहिलं नाही.

एकदा नर्मदावहिनी सुनेला गाडीत बसवायला आल्या होत्या. त्यांचा नातू शेडमध्ये रांगत होता. चांगुणाबाईंच्या नातीने चावून ओलं केलेलं पुस्तक त्याने ओढलं आणि तोच कोपरा तोंडात घातला. वहिनींनी त्याला उचललं, माठातलं पाणी घेऊन त्याचं तोंड दोनदा धुतलं. "उष्टं ते उष्टं," त्या म्हणाल्या, "आन् ते बी कुनाचं!" चांगुणाबाईंनी पदराने नातीची हनुवटी पुसली आणि तिला घेऊन बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर बाई पुस्तक उंच धरून वाचू लागल्या. बघायचं, शिवायचं नाही. लेकरं कंटाळली. जे हातात येत नाही, तोंडात येत नाही, त्याच्यावर प्रेम करायला फार मोठं वय लागतं.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या नावावरून आपल्या मराठवाड्यात काय झालं ते मी बातमीदार असूनही सांगत नाही. या सतरंजीवर बसलेल्यांना ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे. चांगुणाबाई मुलगा, सून आणि नात यांना घेऊन गाडीने नांदेडला गेल्या. पुढे चांगुणाबाई एकट्या परत आल्या. बाकीचे नांदेडलाच राहिले, नात तिकडेच मोठी झाली. कैक महिने बाईंनी रिकाम्या शेडमध्ये पुस्तक नेलं आणि परत आणलं.

हळूहळू बायका पुन्हा येऊ लागल्या. बसू लागल्या दोन बाकांवर. तेव्हा बाईंनी सगळी पुस्तकं खाली ठेवली, दोन्ही बाकांच्या मध्ये, फरशीवर, आणि सांगितलं की आता ही लेकरांची. ज्यांना चालत न्हाई त्यांनी आपलं लेकरू धरून बसावं. काही धरून बसल्या. काही सिग्नलकडे बघत बसल्या आणि तेवढ्यात लेकरू पुस्तकांपर्यंत पोचलं. आपल्याकडे बहुतेक चांगल्या गोष्टी माणसं दुसरीकडे बघत असताना होतात.

बाईंची जाताना एकच इच्छा होती. पुस्तकं शेडमध्येच राहावीत, एका पेटीत, कुणीही उघडावी. त्यासाठी परवा अध्यक्षांच्या ओसरीवर बैठक झाली. दिनकरराव म्हणाले, बाई होत्या तोवर निभावलं. उद्या कुणी कुणाच्या लेकराला हटकलं तर पुस्तकावरून डोकी फुटतील. त्यापेक्षा दोन पेट्या करू. एक गावात, एक वाड्यात. मला वाटलं रंगनाथ गुरुजी विरोध करतील. गुरुजी शांतपणे म्हणाले, "द्या आमचं आमाला. उष्ट्याचा बोल तरी आमच्या लेकरान्ला ऐकावा लागनार न्हाई."

मला दोघांचंही म्हणणं पटलं. एवढं वाईट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

बाई खाली बसून वाटणी करू लागल्या. एक इकडे, एक तिकडे. शेवटी ढिगात कोपरे गेलेली, पानं सुटलेली, लाळेनं फुगलेली पुस्तकं उरली. बाईंनी विचारलं, "ही कोन्या पेटीत?"

दिनकररावांनी एक उचलून उजेडात धरलं. गुरुजींनीही एक पाहिलं. कोणत्या कोपऱ्यावर कोणाच्या हिरड्या उमटल्या, हे कोण सांगणार? गावाला ती वाड्याची उष्टी वाटत होती. वाड्याला ती गावाची नको होती. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, आणि ती सगळी आपल्या जुन्या लुगड्यात बांधली. उद्या ती त्यांच्याबरोबर जातील.

मंडळी, तुमच्या दोन्ही पेट्या मी काल उघडून पाहिल्या. आतली पुस्तकं अगदी कोरी आहेत. एक कोपरा दुमडलेला नाही. दिनकरराव मला अभिमानाने म्हणाले, बघा, कशी जपलीत. अध्यक्षमहाराज, ती जपलेली नाहीत. दहा वर्षांत एकाही लेकराला ती हवीशी वाटली नाहीत, एवढंच. लेकरांनी जी निवडली होती ती त्या लुगड्यात आहेत, आणि ती आपण कोणीच मागितली नाहीत.

आता जे उरलं आहे त्याला तरी कुलूप लावू नका. कुणाच्या तरी लेकराला चावू द्या.

कमलबाई, सितारामजी, या गावाच्या वतीने तुमचे आभार मानायचं काम माझ्याकडे दिलं होतं. गावाच्या दोन्ही वतींनी ते मानतो. निरोपाच्या दिवशी गोड बोलावं असा संकेत आहे. तो माझ्याकडून पाळला गेला नाही. थोरांनी आणि विशेषतः वहिनींनी पोटात घालावं. अध्यक्षांचं भाषण व्हायचं आहे. मी बसतो.