चिमूटभर खोटं घर्षण

नाही, सही मी करणार नाही — आणि तुम्ही बसा हो, उभ्याउभ्या नकार घेऊन गेलात तर तुमचे साहेब म्हणतील, नीट विचारलंच नाही. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. ही घ्या. काय लिहिलंय कागदावर — नव्या फलाटाच्या छपराची वाऱ्याची तपासणी जुन्या प्रोग्रॅमने झाली आणि ती पुरेशी आहे. कोणाला पुरेशी? चित्र छान काढतो तो, मान्य. वारा छपराला लागतो, दोनचार भोवरे उठतात आणि शहाण्या मुलांसारखे निजतात. खरा वारा असा निजतो का? मोठा भोवरा मोडला की त्याचा जोर लहानांत वाटला जातो, त्यांचा आणखी लहानांत — पार शेवटी कुठे तो घासून विरतो. आणि जुना प्रोग्रॅम? गणिताच्या दर पावलाला त्यातला चिमूटभर स्वतःच खातो. खोटं घर्षण. लाख पावलांनंतर वादळाची झुळूक झालेली असते.

का घातलं म्हणता? कारण नाही घातलं तर आकडे फुगत जायचे, फुगत जायचे आणि गणित फुटायचं. प्रोग्रॅम बघायला आलेले पाहुणे समोर बसलेले आणि पडदा काळा. मग कोणीतरी एका ओळीत पॉइंट शून्य दोन टाकलं आणि सगळं गप्प झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या नव्या पद्धतीत ती ओळच नाही — लागतच नाही. हवेचे चौकोन पाडतो ना आपण, तर बेरजाच अशा मांडल्यात की एका चौकोनातून गेलेला जोर शेजारच्यात जसाच्या तसा पोचतो. आपोआप वाढत नाही म्हणून फुटत नाही, गुपचूप घटत नाही म्हणून खोटं बोलत नाही. आणि वेळखाऊ म्हणतात ना साहेब? ह्याच सहा जुन्या मशिनींवर काल सकाळी लावलं, जेवायच्या आत उत्तर हातात. पश्चिमेकडचे पत्रे उचलले जातात, हे उत्तर. ते ऐकायचं नाही, म्हणून वेळेचं नाव पुढे.

कोणी टाकला तो आकडा — तुमच्याच कागदावरची तिसरी ओळ वाचा, प्रोग्रॅम कोणाचा ते. वाचलीत? हो, प्रोग्रॅम लिहिणारी मीच. असं बघू नका. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, म्हटलं, नंतर काढू. राहिला. बाजाराचं छप्पर त्याच आकड्यावर उभं राहिलं, आणि पडल्यावर अहवालात लिहिलं, वाऱ्याचा जोर अनपेक्षित होता. अनपेक्षित कसला, मी खाल्लेला होता. खाली माझा धाकटा भाऊ पिशवी घेऊन उभा होता. गुडघा गेला. अकरा वर्षं तो नशिबाला बोल लावतोय आणि मी — मी मान डोलावते. वर ताई उपाशी राहील म्हणून तीन मजले चढून रोज डबा आणतो.

काढा मला. खोली घ्या, मशिनी घ्या. दुसरं कोणी सही करील म्हणता? करू दे. माझं उत्तर मी आज रेल्वेच्या इंजिनियरला स्वतः नेऊन देणार आहे, त्या पॉइंट शून्य दोनसकट.

जिन्यावर ऐकलंत? एक पाऊल, मग जरा थांबून दुसरं. तोच. या तुम्ही आता.

नाही, कागद इथेच राहू दे. त्याला वाचून दाखवायचाय.