पत्रकावरची पहिली ओळ

माझ्या धाकटीचं लग्न ठरलं, त्या वर्षी मी पत्रिका छापायला छापखान्यात बसलो होतो. शेजारी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिलेली एक शिक्षिका आणि तिचे वडील प्रचाराचं पत्रक तपासत होते.

"बाबा, हे 'प्रतिष्ठित घराण्यातील' कुणी घातलं?"

"तुझ्या मामानं. राहू दे की, कुणाचं काय जातंय?"

"आपलं घराणं गावाला माहीत आहे. तुम्ही तीस वर्षं नळाच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्यात. तेच छापायचं."

"अगं, समोरच्याचा बाप वकील. लोक हसतील. माझ्यापायी तुझी मतं जायला नकोत."

"हसू देत. लोखंडी चावीला कान लावून वरच्या गल्लीत पाणी पोचलं का, हे सांगणारा दुसरा कोण होता?"

"तेवढं खरं. इंजिनियरसाहेबसुद्धा आधी मला विचारायचे."

"मग झालं तर."

"एकदाच चुकलो. तू जन्मलीस तेव्हा दवाखान्यात पळालो, आणि खालच्या पेठेची चावी बंद करायची राहिली. दिवसभर पाणी."

"तिथल्या म्हाताऱ्या अजून म्हणतात, तुझ्या बापाला आणखी चार पोरी व्हायला हव्या होत्या."

"म्हणजे खालची पेठ तुझ्या खिशात."

"छापू ना, बाबा?"

"छापा हो, मालक. आणि ती ओळ जरा ठळक घ्या. माझ्या वयाच्यांना बिनचष्म्याची दिसली पाहिजे."

बाई निवडून आल्या. त्यांचे वडील निकालानंतर तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी वारले.